वाड्यांबरोबर जुन्या लॉजचीही वारसा यादीत नोंद व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपूर शहरातील जुन्या इमारतींच्या जतनाविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी आस्थेने वाचत आहे. महालातील वाडे, गांधी गेट, सीताबर्डीचा किल्ला, उच्च न्यायालयाची इमारत, १९२५ साली उद्‌घाटन झालेली रेल्वे स्टेशनची दगडी वास्तू यांविषयी अनेकांनी कळकळीने लिहिले आहे आणि त्यांच्या बहुतेक मतांशी मी सहमत आहे. मात्र या साऱ्या चर्चेत एका प्रकारच्या इमारतीचा उल्लेख कोठेच आला नाही. परगावाहून आलेला सामान्य माणूस जेथे पाठ टेकत असे ते जुने लॉज, ती धर्मशाळा, ते खोल्यांचे हॉटेल यांना वारसा म्हणावे, असे कोणाच्या मनातही आलेले दिसत नाही. अशा इमारतीत कोणता इतिहास साठून राहू शकतो, हे मला अमेरिकेतील सिएटल शहराच्या चायनाटाउन भागातील एका हॉटेलमुळे समजले. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याची अनुमती असावी.

या इमारतीचे नाव पनामा हॉटेल. सिएटलच्या ज्या वस्तीला आज चायनाटाउन–इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट म्हणतात, तिच्या जपानी लोकांच्या भागात ही पाच मजली विटांची इमारत १९१० साली उभी राहिली. तिचा आराखडा साब्रो ओझासा या जपानी वंशाच्या वास्तुरचनाकाराने केला होता. हॉटेल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो थाट येतो, त्यातले येथे काही नव्हते. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना लहान लहान खोल्या, नहाणीघर सामाईक, तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून दुकाने. मासेमारीच्या बोटींवरील माणसे, जहाजांवरील खलाशी, अलास्कातील मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत हंगामापुरते जाणारे मजूर असे एकटे पुरुष येथे आठवड्याच्या किंवा महिन्याच्या भाड्याने राहत. आपल्याकडे स्टेशनसमोरच्या गल्लीत ज्याला लॉज म्हणतात, त्याच जातकुळीची ही वास्तू होती.

असे हॉटेल याच वस्तीत का उभे राहिले, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली आणि १८८६ च्या फेब्रुवारीत सिएटलमधील जमावाने तेथील चिनी लोकांना घराबाहेर काढून बंदराकडे हाकलले. नंतरच्या काळात त्यांची कामे करण्यासाठी जपानी मजूर आले, त्यांच्यामागून फिलिपिनो आले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तोच अनुभव आला. १९२१ साली वॉशिंग्टन राज्याने कायदा करून जपानहून आलेल्यांना जमीन विकत घेण्याचा हक्क नाकारला. ज्याला घर घेता येत नाही, ज्याला शहराच्या इतर भागांत कोणी खोली देत नाही, त्याने राहायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ही हॉटेले होती. म्हणून त्यांना केवळ मुक्कामाची जागा समजणे अपुरे ठरेल. कित्येकांचे सारे आयुष्य अशा एका खोलीत गेले.

पनामा हॉटेलच्या तळघरात जपानी पद्धतीचे सार्वजनिक स्नानगृह होते. ‘हाशिदाते-यु’ हे त्याचे नाव. पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळे हौद, कपडे ठेवण्यासाठी लाकडी खण अशी तेथील व्यवस्था. दिवसभराचे काम आटोपल्यावर मुलाबाळांसह लोक येत, गरम पाण्यात बसत, वस्तीतल्या बातम्या एकमेकांना सांगत. युद्धानंतर काही वर्षांनी हे स्नानगृह बंद पडले, पण ते मोडले गेले नाही. त्या देशातील अशा स्नानगृहांपैकी मूळ जागी इतक्या चांगल्या अवस्थेत टिकलेले दुसरे नाही, असे जाणकार मानतात.

तरीही या इमारतीला राष्ट्रीय महत्त्व आले ते १९४२ मधील घटनांमुळे. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. कोणावरही आरोप ठेवला गेला नाही, कोणाचा खटला चालला नाही. सिएटलच्या लोकांना आधी जवळच्या प्युअलप गावातील जत्रेच्या मैदानावर आणि नंतर आयडाहो राज्यातील मिनिडोका येथील छावणीत नेण्यात आले. निघण्यासाठी मिळालेली मुदत फार थोडी होती आणि हातांनी उचलून नेता येईल तेवढेच सामान बरोबर घेण्याची परवानगी होती.

मग उरलेल्या सामानाचे काय करायचे? दुकानदारांनी माल मिळेल त्या भावाने विकला, कोणी शेजाऱ्यांकडे ठेवला, आणि अनेक कुटुंबांनी आपल्या ट्रंका, पेट्या, वळकट्या पनामा हॉटेलच्या तळघरात आणून ठेवल्या. ताकाशी होरी यांनी १९३८ साली हे हॉटेल घेतले होते. त्यांनाही छावणीत जावे लागले, पण लोकांनी विश्वासाने ठेवलेले सामान तळघरात तसेच राहिले. युद्ध संपल्यावर होरी परतले, काही कुटुंबे परतली आणि आपल्या पेट्या घेऊन गेली. काही कधीच परतली नाहीत. कोणी छावणीत वारले, कोणी दुसऱ्या राज्यात स्थायिक झाले, कोणाला ती पेटी पुन्हा उघडण्याचे धैर्य झाले नसेल. त्या पेट्या चार दशके तेथेच होत्या.

या ठिकाणी मी माझ्या नोकरीचा उल्लेख करतो, कारण त्याशिवाय मला या गोष्टीचे इतके अप्रूप का वाटते, ते कळणार नाही. मी रेल्वेत होतो आणि नोकरीची बरीच वर्षे क्लोकरूममध्ये गेली. कुलूप नसलेली पेटी आम्ही ठेवून घेत नसू. पावती फाडायची, तिचा जोड सामानाला बांधायचा, रजिस्टरात नोंद करायची आणि ठरलेली मुदत उलटून गेली की न्यायला न आलेले सामान नियमाप्रमाणे पुढे पाठवायचे. त्याचा अखेर लिलाव होत असे. हा नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, जागा किती लागते हे मी रोज पाहिले आहे. परंतु पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव आणि गाव वाचून ती लिलावाच्या ढिगात ठेवताना हात जड होत असे, हे त्या कामावरचा कोणीही सांगेल. म्हणूनच एका साध्या हॉटेलवाल्याने, कसलीही मुदत न लावता, भाडे न आकारता, परक्यांचे सामान इतकी वर्षे सांभाळले, या गोष्टीची थोरवी मला फार मोठी वाटते.

१९८५ साली होरी यांनी हे हॉटेल विकले. ज्या बाईंनी ते घेतले, त्यांनी तळघर रिकामे करून भाड्याने दिले असते तर त्यांना कोणी अडवले नसते. त्यांनी तसे केले नाही. सामानाच्या मूळ धन्यांचा किंवा त्यांच्या वारसांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला, खोल्या जुन्या रूपात राखल्या, तळमजल्यावर चहाची खोली सुरू केली आणि तिच्या जमिनीत एक काच बसवली. माझी मुलगी नोकरीनिमित्त त्या शहरात असते. तिच्याकडे गेलो असताना मी ती काच पाहिली. खाली तळघरात पेट्या आणि घरगुती वस्तू ठेवलेल्या दिसतात. लोक चहाचा पेला घेऊन काचेपाशी येतात, वाकून बघतात आणि बराच वेळ उभे राहतात. मी संग्रहालये पुष्कळ पाहिली आहेत, पण वस्तू तिच्या मूळ जागी, तिला ठेवणाऱ्याने ठेवली होती तेथेच पाहण्याचा परिणाम वेगळाच असतो. तीच ट्रंक उचलून एखाद्या प्रशस्त दालनात दिव्याखाली मांडली असती, तर ती नुसती जुनी ट्रंक झाली असती.

२००६ साली या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील ऐतिहासिक जतनाच्या राष्ट्रीय न्यासाने २०१५ साली तिचा राष्ट्रीय ठेव्यांत समावेश केला. त्याआधी १९८८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने कायदा करून या स्थानबद्धतेबद्दल माफी मागितली होती आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर देण्याचे मान्य केले होते. माफीचा कागद राजधानी वॉशिंग्टनमध्ये निघाला हे खरे, पण माफी नेमकी कशाबद्दल, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने त्या तळघरावर उभे राहावे.

त्याच वस्तीत थोड्या अंतरावर ईस्ट काँग यिक नावाची दुसरी इमारत आहे. तीही १९१० सालचीच. १७० चिनी स्थलांतरितांनी आपापल्या कमाईतून पैसा गोळा करून ती उभारली. वरच्या मजल्यांवर मजुरांचे हॉटेल होते आणि आता तेथे विंग ल्यूक यांच्या नावाचे संग्रहालय आहे. ल्यूक हे १९६२ साली सिएटलच्या नगर परिषदेवर निवडून आलेले पहिले आशियाई वंशाचे सदस्य. २००८ मध्ये संग्रहालय या इमारतीत आले, तेव्हा जुन्या हॉटेलच्या काही खोल्या मुद्दाम होत्या तशाच ठेवण्यात आल्या.

सगळ्याच हॉटेलांच्या नशिबी असे आले नाही. १९७० च्या मार्चमध्ये सिएटलमधीलच ओझार्क हॉटेलला आग लागून अनेक भाडेकरू मृत्यू पावले. त्यानंतर शहराने आगीपासून संरक्षणाचे कडक नियम केले. नियम आवश्यकच होते, त्याबद्दल दुमत असू नये. परंतु पाण्याचे फवारे, जादा जिने यांचा खर्च लहान मालकांना झेपला नाही आणि चायनाटाउनमधील कित्येक हॉटेलांचे वरचे मजले बंद झाले. तळमजल्यावर दुकान चालू आणि वर चार मजले कबुतरांसाठी, अशी स्थिती झाली. भाडेकरू रस्त्यावर आले ते वेगळेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनच्या कडेला असलेल्या इंटरनॅशनल हॉटेलमधून तर ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी म्हाताऱ्या फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना बाहेर काढले. हजारो नागरिक दारात साखळी करून उभे होते, तरी ते थांबले नाही. पुढे ती इमारत पाडण्यात आली, मोकळी जागा वर्षानुवर्षे पडून राहिली आणि वृद्धांसाठी नवी इमारत तेथे उभी राहण्यास २००५ साल उजाडले. सिएटलने १९७३ साली आपल्या या वस्तीसाठी खास विभाग जाहीर करून बदलांवर देखरेख ठेवणारे मंडळ नेमले, त्याचा लाभ पनामासारख्या इमारतींना झाला. तरीही २०२३ साली ही संपूर्ण वस्ती त्या देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आली.

हे सारे परदेशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्याही देशात कोलकात्याला टिरेटा बाजार आणि टांगरा या चिनी वस्त्या आहेत, आणि १९६२ च्या युद्धानंतर आपण चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना आसाम, बंगाल या भागांतून उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवले होते. वर्ध्याजवळची आपली देवळी नव्हे, ही राजस्थानातील. त्यांतही भारतात जन्मलेले पुष्कळ होते. त्यांच्या मागे राहिलेल्या पेट्यांचे काय झाले, याचा विचार मी सिएटलहून परत आल्यापासून करतो आहे.

आता नागपूरकडे येतो. १८६७ साली मुंबईकडून आगगाडी नागपुरात पोहोचली आणि योगायोग असा की, उतारूंच्या मुक्कामाच्या जागांची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून केलेला सराय कायदाही १८६७ चाच आहे. पुढे १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, मध्य प्रांताची राजधानी म्हणून कचेऱ्या वाढल्या, संत्र्याचा आणि कापसाचा व्यापार वाढला, आणि या साऱ्यासाठी येणारा माणूस स्टेशन, बर्डी, इतवारी, गांधीबाग या पट्ट्यातील धर्मशाळांत आणि लॉजमध्ये उतरू लागला. छत्तीसगडचा मजूर, वऱ्हाडातला कोर्टकज्जेवाला शेतकरी, मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात रुग्ण घेऊन आलेले नातेवाईक, हिवाळी अधिवेशनावर निवेदन घेऊन आलेला शिक्षक या सर्वांचे नागपूर म्हणजे लॉजची ती एक खोली होती. एम्प्रेस मिलची मुख्य वास्तू आज नाही, तेथे मॉल उभा आहे. मिलमध्ये राबलेल्या हजारो माणसांच्या राहण्या-जेवण्याच्या खुणा जर कोठे उरल्या असतील, तर त्या अशाच जुन्या खोल्यांत आणि खानावळींत असतील.

नागपुरात तर हॉटेलाचे ऐतिहासिक महत्त्व पटवून देण्याची गरजच पडू नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर नागपुरात आले, तेव्हा त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरील श्याम हॉटेलमध्ये होता. त्या दिवसांच्या प्रत्येक वर्णनात या हॉटेलचे नाव येते. दीक्षाभूमीवर जे घडले ते साऱ्या जगाने पाहिले, पण आदल्या रात्री ज्या खोलीत दिवा जळत होता, ती खोलीही त्याच इतिहासाचा भाग आहे. मोठ्या माणसाच्या पावलांमुळे आपल्याला हे चटकन उमगते. त्याच दिवसांत खेड्यापाड्यांतून पायी, बैलगाडीने, आगगाडीने आलेल्या लाखो लोकांपैकी कोण कोठे उतरले, कोणी कोणाला ओसरी दिली, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

स्टेशनच्या परिसरातील एका जुन्या लॉजमध्ये मला अलीकडे जाण्याचा प्रसंग आला. मध्ये चौक, चारी बाजूंनी लाकडी कठड्याची गॅलरी, दारांवर तेलरंगात आकडे, खोलीत लोखंडी खाट आणि भिंतीला खुंट्यांची पट्टी. गल्ल्याजवळच्या कपाटात जुनी रजिस्टरे बांधून ठेवलेली होती. एक उघडून पाहिले. नाव, वय, धंदा, कोठून आले, कोठे जाणार, येण्याचे कारण, सही किंवा अंगठा. कारणाच्या रकान्यात ‘कोर्टकाम’, ‘दवाखाना’, ‘मुलगी पाहणे’, ‘परीक्षा’, ‘बैल खरेदी’ असे एका खाली एक लिहिलेले होते, आणि शाईच्या अंगठ्यांची तर पानेच्या पाने. पोलिसांना दाखवण्यासाठी ठेवलेले हे रजिस्टर आज विदर्भाच्या सामाजिक इतिहासाचा अस्सल कागद आहे. व्यवस्थापकांनी सांगितले की, इमारत पाडायची ठरली आहे आणि रजिस्टरे रद्दीवाल्याला द्यायची आहेत. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण या कागदांना काही मोल आहे असे त्यांना आजवर कोणी सांगितलेलेच नाही.

आपल्या शहराच्या वारसा यादीत श्रेणी ठरवताना वास्तूची शैली, कोरीवकाम, तिचे वय, राजघराण्याशी किंवा थोर व्यक्तींशी असलेला संबंध पाहिला जातो. ते योग्यच आहे. पण पनामा हॉटेल या कसोट्यांवर फार गुण मिळवू शकले नसते. त्याला खांब नाहीत, महिरपी नाहीत, कोणी राजा तेथे उतरला नव्हता. तेथे कोण राहिले आणि त्यांच्यावर कोणती वेळ आली, या एकाच कसोटीवर ते राष्ट्रीय स्थळ ठरले. हीच कसोटी नागपूरच्या वारसा संवर्धन समितीने आपल्या कामात स्पष्टपणे समाविष्ट करावी, अशी माझी विनंती आहे.

यासाठी प्रथम स्टेशन, सीताबर्डी, इतवारी आणि महाल या भागांतील स्वातंत्र्यपूर्व काळातील धर्मशाळा, लॉज आणि खानावळी यांची पाहणी व्हावी. आपल्या शहरात वास्तुशास्त्राची महाविद्यालये आहेत, त्यांचे विद्यार्थी हे काम एका सत्रात करू शकतील. मालकांवर मात्र नुसता नियमांचा बोजा टाकू नये. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे आगप्रतिबंधक साधने लागतात आणि ती लागलीच पाहिजेत, कारण झोपलेल्या माणसाच्या जिवापेक्षा कोणताही वारसा मोठा नाही. परंतु सिएटलमध्ये जे झाले ते येथे होऊ द्यायचे नसेल, तर त्या खर्चाला हातभार लावावा लागेल. वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेल्या चटई क्षेत्राच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे तेवढे बांधकाम दुसऱ्या जागी वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क, देण्याची तरतूद राज्याच्या नियमांत आहे. तिची माहिती लहान लॉजमालकांपर्यंत कोणी पोहोचवत नाही. आणि जी इमारत खरोखरच मोडकळीला आली असेल, जी पाडण्यावाचून गत्यंतर नसेल, तिचे मोजमाप, छायाचित्रे आणि तेथे राहिलेल्या, काम केलेल्या माणसांच्या आठवणी तरी आधी नोंदवून घ्याव्यात.

रजिस्टरांचे काम तर कोणत्याही समितीच्या ठरावाची वाट न पाहता उद्यापासून सुरू होऊ शकते. ज्यांच्याकडे जुन्या लॉजची, धर्मशाळेची, खानावळीची वहीखाती असतील त्यांनी ती रद्दीत न घालता विद्यापीठाच्या इतिहास विभागाशी किंवा शहरातील एखाद्या जुन्या ग्रंथालयाशी संपर्क साधावा. त्यांत खाजगी माहिती असते, म्हणून ती कोणाला व कधी पाहू द्यायची याचे नियम त्या संस्थांनी ठरवावेत. वर उल्लेख केलेल्या लॉजच्या व्यवस्थापकांनी माझ्या विनंतीवरून रजिस्टरांचे गठ्ठे दिवाळीपर्यंत ठेवून घेण्याचे कबूल केले आहे. ते स्वीकारण्यास जी संस्था तयार असेल तिने आपल्या दैनिकामार्फत कळवावे, मी स्वतः ते नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
अजनी, नागपूर